शंभरावं विष

१० जून १९९६, बंगलोर

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोटातलं लिहिलं. आता थोडं स्वतःच्या पोटातलं लिहावं म्हणून ही वही काढली आहे. वही नागपूरच्या प्रयोगशाळेतली, म्हणजे सरकारी, म्हणजे ढापलेली. निरोपसमारंभात शाल-नारळ त्यांनी दिला आणि वही मी घेतली.

प्रयोगशाळेत माझं टेबल विषांचं. पोलीस सीलबंद बरण्या आणून द्यायचे. आत व्हिसेरा, म्हणजे मेलेल्या माणसाचं जठर, यकृत वगैरे. त्यात विष आहे का, आणि असलं तर कोणतं, एवढंच मी सांगायचं. दहातल्या नऊ बरण्यांत ढेकणाचं औषध. कल्पनाशक्तीचा एकंदर दुष्काळच.

इथे इंदिरानगरातल्या एका कंपनीने मला सल्लागार नेमलं आहे. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकासाठी ते सीडी काढताहेत: जगातली शंभर सर्वांत जहाल विषं. तबकडी कॉम्प्युटरात घातली की बेडूक उडी मारणार, साप फुत्कारणार आणि शेजारी माझा मजकूर दिसणार. कंपनीचा मालक शंतनु, वय अठ्ठावीस, पुण्याचा. मला 'काका' म्हणतो. मी त्याच्या बापाचा भाऊ नाही, पण त्याने मला फिरती खुर्ची दिली आहे म्हणून सहन करतो.

अहल्या आली आहे, पण एका अटीवर. दिवाळीपर्यंत करमलं नाही तर नागपूरला परत, आणि तेही दोघांनी. मी हो म्हटलं आहे. तिला इथे करमलंच पाहिजे, नाहीतर मी पुन्हा गॅलरीत बसून एकच पेपर दोनदा वाचणारा माणूस होणार. इथे मला लोक विचारतात. तिकडे सव्वीस वर्षांत मला फक्त वकिलांनी विचारलं, तेही मी खोटारडा आहे हे सिद्ध करायला.

१४ जून

यादीचा निकष ठरला. एलडी फिफ्टी. म्हणजे शंभर उंदरांना किती डोस दिला की त्यातले पन्नास मरतात. डोस जितका कमी तितका नंबर वर. पहिला नंबर आला बिघडलेल्या डबाबंद अन्नातल्या जंतूंच्या विषाचा. शंतनु हिरमुसला.

"काका, डबा कसा ॲनिमेट करणार? नागाला तरी टॉप टेनमध्ये घ्या ना. इंडियन सेंटिमेंट आहे."

मी म्हटलं, इथे वशिला चालणार नाही. ऑस्ट्रेलियातला एक लाजाळू साप नागाच्या कितीतरी पट जहाल आहे, आणि बिचाऱ्याने माणूस मारल्याची नोंदसुद्धा नाही. शंतनुला हे पटेना. जो कुणाला मारतच नाही तो जहाल कसा, असं त्याचं म्हणणं. पोराला विज्ञानाची दृष्टी नाही.

चित्रं काढणारी एक मुलगी आहे, आसावरी. खुर्चीवर मांडी घालून बसते आणि कॉम्प्युटरवर बेडूक रंगवते. तिने विचारलं, "मग उरलेल्या पन्नास उंदरांचं काय होतं?"

"ते जगतात."

"बरे होतात?"

म्हटलं, त्याचा रकाना नसतो. यावर ती माझ्याकडे बघत राहिली. चित्रकारांना रोखून बघायची सवयच असते.

१९ जून

अहल्या दिवसभर घरात. कन्नड येत नाही, हिंदी नागपुरी, त्यामुळे भाजीवाल्याशी भांडताही येत नाही आणि तिला भाजीवाल्याशी भांडल्याशिवाय जेवण जात नाही. आज मात्र खालच्या मजल्यावरच्या शिवलीलाबाईंनी तिला जेवायला बोलावलं. बाई निपाणीकडच्या, मराठी बोलतात, पण मधून मधून कानडी वाटेला लागतात. मला अण्णा आणि हिला अक्का म्हणतात. 'काका'पेक्षा बरं.

अहल्या वर आली ती साराची स्तुती करत. शिवलीलाबाई सार कथलाच्या भांड्यात करतात. तवराचं भांडं म्हणतात त्याला. इकडे घरोघरी असतं म्हणे आणि साराला त्यात वेगळीच चव येते. बंगलोरला आल्यापासून अहल्याने चांगलं म्हटलेली ही पहिली वस्तू.

"आपल्यालाही असं एक हवं," ती म्हणाली. 'आपल्याला' म्हणाली! मी लगेच कामाला लागलो.

२३ जून

भांडं आणलं. पेटेतल्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातल्या, गल्ल्यांत तासभर हिंडलो. शेवटी फुटपाथवर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे दोन भांडी मिळाली. एक हलकं आणि महाग. दुसरं तेवढंच, पण चांगलं जड आणि स्वस्त. म्हातारा मला हलकं घ्या, हलकं घ्या म्हणून गळ घालत होता. हातवारे करून काहीतरी समजावत होता, कन्नडमध्ये. मी हसलो. सव्वीस वर्षं वकिलांसमोर उभा राहिलेला माणूस मी, मला हा काय गंडवणार? जड घेतलं. भक्कम माल आहे, नातवंडांना पुरेल.

अहल्या इतकी खूश झाली की खळखळून हसली, वरच्या हिरड्यांपर्यंत. लग्नात ती अशी हसली होती म्हणून माझ्या आत्याने नाक मुरडलं होतं. मला तेव्हाही आवडलं होतं. हे तिला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवतो.

ता. क. भांडं या वहीवर टेकवलं तर पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली. नव्या भांड्याचा मळ असणार. अहल्याला म्हटलं, चिंच लावून खसखसून घास.

८ जुलै

रोज सार. टोमॅटोचं, आमसुलाचं, चिंचेचं. मला आंबटाचं वावडं, त्यामुळे माझी आमटी वेगळी, कुकरमधली. दुपारी मी ऑफिसातच जेवतो. अहल्या दोन्ही वेळा साराच्या वाट्यांवर वाट्या पिते. आज आग्रहाने मला एक चमचा चाखवला. चिंचेचं असून गोडसर लागलं.

"गूळ किती घातलास?"

"घातलाच नाही. या भांड्यात आपोआपच गोडी येते."

शिवलीलाबाईंचं सार एवढं गोड होत नाही म्हणे. अहल्याचा चेहरा पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा होता.

ऑफिसात बेचाळीस विषं झाली. कोलंबियातला तो पिवळाधमक बेडूक आसावरीने असा काढला आहे की उचलून खिशात घालावासा वाटतो. शंतनु सर्जापूर रोडला प्लॉट घ्या म्हणून माझ्या मागे लागला आहे. जाऊन पाहिलं. नाचणीची शेतं आणि मधोमध एक म्हैस. मुलं हुशार असली तरी व्यवहार कळत नाही.

१ ऑगस्ट

अहल्याच्या पोटात दुखतंय. आठ दिवस झाले. कळ येते आणि जाते. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, अमिबा. इथे सगळ्यांना अमिबाच होतो. गोळ्या दिल्या आहेत.

मला संशय वेगळाच आहे. दिवाळीला तीन महिने उरलेत. ही राजकीय पोटदुखी असू शकते.

९ ऑगस्ट

अमिबा मेला असावा, पोटदुखी जिवंत आहे. आता तोंडाला चव नाही म्हणते. "जिभेवर सारखं नाणं ठेवल्यासारखं वाटतं." पोट चार-चार दिवस साफ होत नाही. इसबगोल झालं, एरंडेल झालं. एरंडाच्या बीतलं विष आमच्या यादीत वरच्या दहांत आहे आणि त्याच बीचं तेल बायकोला पाजायचं, हे तिला सांगितलं. वाटलं, हसेल. ती उठून आत गेली.

दुसरं काही पचत नाही म्हणून मीच फर्मान काढलं आहे: तिने फक्त सार आणि मऊ भात घ्यायचा.

१२ ऑगस्ट

नव्याण्णव विषं झाली. शंभरावी जागा रिकामी. शंतनु म्हणाला, "काका, लेड घ्या ना. यूएसमध्ये लेड पेंट फार मोठा इश्यू आहे."

शिसं? मी त्याला झापलं. यादीत कोण कोण आहे बघ. एका डंखात माणूस आडवा करणारा शंखातला किडा आहे, निळ्या कड्यांचा ऑक्टोपस आहे, बचनाग आहे, गुंज आहे. त्यांच्या पंगतीला शिसं बसवू? शिसं म्हणजे विषांतला कारकून. रोज येतो, थोडं थोडं काम करतो, कुणाला दिसत नाही आणि वर्षानुवर्षं खुर्ची सोडत नाही. सव्वीस वर्षांत माझ्याकडे शिशाची एक बरणी आली नाही.

"कारण लगेच मरत नाहीत ना लोक," आसावरी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

मी शंभराव्या जागी एक समुद्रफूल बसवलं. दिसायला छान आहे.

२० ऑगस्ट

घरात वातावरण तापलेलं. अहल्या हल्ली कशावरूनही चिडते. काल गॅस बंद केला की नाही हे तीनदा जाऊन पाहिलं आणि मी टोकलं तर रडायलाच लागली. सत्तावीस वर्षांत ही बाई सासूच्या तेराव्यालाही एवढी रडली नव्हती. चेहराही फिका दिसतो, पण ती उन्हात जात नाही त्याला मी काय करू?

मला वाईट वाटलं. रात्री मी स्वतः सार केलं, चांगलं आंबट, तिला आवडतं तसं. सकाळपर्यंत मुरावं म्हणून भांड्यातच ठेवलं. सकाळी तिने दोन वाट्या घेतल्या. केवळ माझं मन राखायला, हे कळत होतं. तरी बरं वाटलं.

९ सप्टेंबर

अहल्या नागपूरला गेली, महालक्ष्म्यांसाठी. विद्या, आमची मुलगी, तिला स्टेशनवर घ्यायला येणार आहे. गाडी सुटताना अहल्या खिडकीतून म्हणाली, "भांडं आठवणीने पुसून ठेवा." भांड्याची काळजी आहे, नवऱ्याची नाही.

२४ सप्टेंबर

एसटीडी बूथवरून फोन केला. विद्या आनंदात होती. "बाबा, आईचं पोट एकदम बरंय! दोन पुरणपोळ्या खाल्ल्या काल. गप्पा तर थांबतच नाहीत."

फोन ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. मागच्या माणसाने दोनदा "सार, सार" म्हटलं (इथे 'सर'ला सारच म्हणतात) तेव्हा बाजूला झालो. म्हणजे नाटक. सगळं नाटक. इथे मरणाच्या कळा आणि तिथे पंधरा दिवसांत पुरणपोळी! मी विषं तपासली, माणसं तपासायला शिकलो नाही.

५ ऑक्टोबर

आली. गालांवर रंग घेऊन आली. तिने आल्या आल्या भांडं काढलं आणि सार टाकलं.

१७ ऑक्टोबर

पोटदुखी सुरू. वाटच बघत होतो. मी विचारलं, "नागपूरला दुखत नाही, इथे दुखतं. म्हणजे माझंच विष बाधतंय का तुला?"

ती म्हणाली, "असेल."

हे रागातच लिहितोय. पहिल्यांदाच कुणीतरी मला शास्त्रज्ञ म्हणून खुर्ची दिली, तर हिच्या पोटात दुखतं. अक्षरशः दुखतं! रात्री म्हटलं, दिवाळीला तू एकटी जा. मी इथेच राहतो.

"अट दोघांची होती," ती म्हणाली.

"अट नाटकाला लागू नाही."

तिने दिवा मालवला. भांडेल असं वाटलं होतं.

२० ऑक्टोबर

रविवार. आसावरीला जेवायला बोलावलं होतं, आधीच ठरलेलं. अहल्याने सगळं केलं. वाढताना पोरीच्या कुठल्याशा विनोदावर हसलीसुद्धा. मी खाली मान घालून जेवत होतो. आमचं बोलणं बंद आहे.

नंतर आत दोन ताटल्या फुटल्या. काल एक फुटली होती. आता भांडी आपटायला लागली आहे.

२४ ऑक्टोबर

जिन्यात शिवलीलाबाईंनी अडवलं. "अण्णा, अक्कास्नी मोठ्या डाक्टरकडं न्या की. मला काय सरी वाटंना झालंय. पळी धरली तर हाताचा पंजा खालीच लोंबालाय त्यांचा. काल माझ्यासमोर कपच पडला."

म्हटलं, "ती मुद्दाम पाडते."

"स्वल्प तरी बघा हो अण्णा बायकोकडं," एवढं बोलून बाईंनी दार लावून घेतलं. अहल्याने त्यांनाही आपल्या पक्षात घेतलेलं दिसतंय.

२८ ऑक्टोबर

जसं घडलं तसं लिहितो.

अमेरिकेतून फॅक्स आला. समुद्रफूल नको, शंभरावी जागा शिशाला द्या, नाहीतर शाळा सीडी घेणार नाहीत. शंतनुने नुसती खुर्ची गोल फिरवून घेतली. मी तणतणत मजकूर लिहिला आणि आसावरीच्या शेजारी जाऊन बसलो, कारण तिला रोग्याचं चित्र काढायचं होतं.

मी वाचत गेलो, ती काढत गेली. चेहरा फिका. पोटात कळा, येणाऱ्या-जाणाऱ्या. बद्धकोष्ठ. तोंडाला धातूची चव. चिडचिड, विसरभोळेपणा, रडू येणं. पुढे मनगट लुळं पडतं, पंजा खाली लोंबतो. मी हे सगळं मोठ्यांदा, खणखणीत आवाजात वाचलं. मनात एवढंच होतं की वाक्य फार लांब झालं आहे.

"आणि हिरड्यांच्या कडेला," मी म्हटलं, "दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ काढ. बारीक."

"काकूंच्या आहे तशी ना?"

"कुठल्या काकू?"

"अहल्याकाकू. त्या दिवशी हसल्या तेव्हा दिसली. मला वाटलं मिश्री लावत असतील."

माझ्या बायकोने जन्मात मिश्री लावलेली नाही.

मी चप्पल न घालता निघालो. रिक्षावाल्याने पायांकडे पाहिलं आणि भाडं न ठरवताच गाडी हाणली. घरी अहल्या गॅससमोर होती. भांड्यात सार उकळत होतं. मी म्हटलं, "दात दाखव."

"काय?"

"हस. अहल्या, एकदा हस."

"आता हसायचं कशावर ते सांगा," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं. रडताना ओठ वर गेला. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. रेघ होती. कुणीतरी पेन्सिलीने आखल्यासारखी, एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत.

पेन्सिलीने आखल्यासारखी. मी ही वही काढली आणि तेवीस जूनचं पान उघडलं. कोपऱ्यात ती करडी रेघ अजून होती. कथील कागदावर रेघ मारत नाही. शिसं मारतं. हे मी स्वतः तीन पिढ्यांतल्या ज्युनियरांना शिकवलं आहे.

ते सार मी गॅसवरून उचललं आणि मोरीत ओतलं. ती ओरडली, "अहो, नासलेलं नाही ते!"

२९ ऑक्टोबर

तिला इस्पितळात दाखल केलं. नागपूरला बरं का वाटलं, इथे परत का दुखायला लागलं, सगळं डॉक्टरांना मीच सांगितलं. तारखांसकट. वहीच समोर धरली. तरुण डॉक्टर पानं उलटत म्हणाला, "इतकी परफेक्ट हिस्टरी कुणी आणत नाही. तुम्ही काय करता?" मी म्हटलं, कारकून आहे.

दुपारी जवळच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे भांडं घेऊन गेलो. आत व्हिनेगर उकळलं, गार केलं, त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. लखलखीत पिवळा गाळ पडला, सोन्याच्या कणांसारखा. प्राध्यापक "वा!" म्हणाले. मी बेसिनशी जाऊन ओकलो.

संध्याकाळी शिवलीलाबाईंनी त्यांचं भांडं आणून दाखवलं. कड जरा दाबली की कथील करकरतं. आमचं दाबलं. मुकं. "पेटेतला म्हातारा तुम्हास्नी हेच सांगत असणार की अण्णा, हलकं घ्या म्हणून," बाई म्हणाल्या. मग माझ्यासाठी कॉफी करायला गेल्या.

म्हातारा प्रामाणिक होता. त्याने जड भांडं विकायला मांडलं होतं खरं, पण मला ते घेऊ नको म्हणून तो जीव तोडून सांगत होता. मी कन्नड शिकलो नाही आणि हसलो.

२ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. आकडा लिहीत नाही. रोज इंजेक्शन चालू आहे, शिसं लघवीवाटे निघतं. डॉक्टर म्हणाले, मनगट बहुतेक सुधारेल. 'बहुतेक' या शब्दाचा मी माझ्या अहवालांत सव्वीस वर्षं सढळ वापर केला. समोरच्याला तो कसा लागतो, ते आज कळलं.

मी भीतीने अर्धा झालो आहे. हे स्पष्ट लिहायला हवं. तिच्याशिवाय मला बंगलोर नको, नागपूर नको, फिरती खुर्ची नको. मीच आणलं, मीच घास म्हटलं, तेही चिंच लावून. मीच फक्त सार घे म्हटलं. रात्रभर मुरवून मीच पाजलं.

तिला सगळं सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्ही विचारलंत तेव्हा मी बरोबर बोलले होते."

"काय?"

"तुमचंच विष बाधत होतं."

नर्सने आत डोकावून पाहिलं, कारण मी रडत होतो आणि पेशंट हसत होता.

१० नोव्हेंबर

दिवाळी. इस्पितळातून घरी आलो. कळा थांबल्या आहेत. आसावरीने आकाशकंदील केला आहे, त्यावर पिवळा बेडूक.

शंतनु भेटायला आला होता. मी म्हटलं, शिशाला पहिला नंबर हवा. तो म्हणाला, "काका, एलडी फिफ्टीने बसत नाही." माझाच निकष माझ्याच तोंडावर मारला. पोराला विज्ञानाची दृष्टी आली म्हणायची. शेवटी शंभरावरच ठेवलं, पण मजकूर मी नव्याने लिहिला. पहिलं वाक्य: हे विष बहुधा घरातलाच कोणीतरी, प्रेमाने, बाजारातून आणतो. अमेरिकेला ते वाक्य आवडलं नाही. शंतनुने फॅक्स केला, वाक्य राहील. उद्यापासून त्याने मला बापाचा भाऊ मानलं तरी माझी हरकत नाही.

अटीबद्दल मी विषय काढला. म्हटलं, बोलल्याप्रमाणे दोघं जाऊ, तिकिटं काढतो.

"थांबा जरा," ती म्हणाली. "दर आठवड्याला रक्त तपासायचंय ते इथेच. आणि शिवलीलाक्का मला कन्नड शिकवणार आहे. भाजीवाला फार माजलाय."

२३ नोव्हेंबर

आज तिने डाव्या हाताने पळी धरली. उजवा अजून थकतो. उजव्याने रोज दहा मिनिटं काहीतरी जड धरून रेघा मारायचा व्यायाम दिलाय.

भांडं मी कचऱ्यात टाकायला निघालो तर तिने अडवलं. "कुणीतरी उचलेल आणि त्यात सार करेल." हे मला सुचलं नव्हतं. भांडं आता पेपरात गुंडाळून कपाटावर, माझ्या पुस्तकांमागे आहे.

१ डिसेंबर

आज वही जागेवर नव्हती. सापडली तिच्या उशाशी. ती आंघोळीला गेली होती. उघडून पाहिली.

तिने सगळी वाचली आहे. 'राजकीय पोटदुखी' या शब्दांखाली जाड करडी रेघ आहे. 'नाटक' खाली एक, पुढच्या 'सगळं नाटक' खाली एक. 'मुद्दाम पाडते' खाली. 'आपल्या पक्षात' खाली. पेन्सिल नाही, मी बोट फिरवून पाहिलं. पेपर सोडून भांडंच काढलं होतं आणि त्याच्या कडेने, लुळ्या उजव्या हाताने, एक एक रेघ ओढली होती. पहिल्या रेघा वेड्यावाकड्या आहेत, खाली उतरत गेलेल्या. पुढच्या पानांवर हळूहळू सरळ होत गेल्या आहेत.

एकूण अकरा. बारावी तेवीस जूनच्या पानावर सापडली. 'हे तिला सांगितलेलं नाही' याच्याखाली. सगळ्यांत सरळ तीच आहे.

ती ओले केस पुसत बाहेर आली आणि माझ्या हातात वही पाहून थबकली.

मी म्हटलं, "हात धू साबणाने. शिसं आहे ते."

"धुतलेत," ती म्हणाली. आणि मग, "सांगा आता."

सांगितलं. लग्नातलं, हसण्याचं, आत्याचं, सगळं. ती हसली. हिरड्यांवर रेघ आहे अजून, पण पुसट झाली आहे.